पड

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी भाच्याला घेऊन गावी गेलो होतो. पाबे घाट उतरून वेल्ह्याच्या अंगाला लागलो (आता कागदोपत्री तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण आमच्या जिभेवर अजून वेल्हेच) आणि समोरच्या उतारावर निळसर धूर दिसला. भाचा ओरडलाच, "मामा, वणवा! थांब, गाडी थांब." आणि खिशातून मोबाईल काढून नंबर शोधायला लागला.

भाचा गुणी मुलगा आहे. पावसाळ्यात झाडं लावायला जातो, उन्हाळ्यात मित्रांबरोबर वणवे विझवायलाही जातो. आपल्याकडे वणवे लागतात, लावलेही जातात, डोंगरच्या डोंगर काळे होतात. त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही. पण तो वणवा नव्हता. वणव्याचा धूर पळतो. हा एका जागी बसून होता, चुलीवर ओलं लाकूड घातल्यासारखा. मी म्हटलं, "अरे, राब भाजतायत."

"जाळतायतच ना पण?"

यावर मला धड उत्तर देता आलं नाही. "जुनी पद्धत आहे" एवढंच म्हणालो. जुनी पद्धत तर सतीचीही होती, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. :)

तर हे त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर. आणि खरं सांगायचं तर हे घरच्या मंडळींसाठीही आहे. आपल्या वरच्या वरकसाचा विषय निघालाय, आणि फॅमिली ग्रुपवर दोन ओळींत मला काही मांडता येत नाही. तिथे मी नुसता अंगठा दाखवून मोकळा होतो आणि मग रात्री झोप येत नाही.

आधी राब. मी लहानपणी तो दर उन्हाळ्यात पाहिलाय, पण समजला पन्नाशीनंतर. आमच्या घराच्या वरच्या अंगाला महादेव कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या एक आजी आणि त्यांच्या घरचे आमचं वरकस गेली तीस-पस्तीस वर्षं वाट्याने करतात. आजींचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. नातेवाइकांना कोण ते कळेलच.

राब म्हणजे ज्या वाफ्यात भाताचं रोप करायचं तो वाफा भाजून काढणं. त्यात रचना असते. तळाला शेण आणि मोडक्या गोवऱ्या. त्यावर ऐनाचे वगैरे वाळलेले टहाळे. त्यावर पाचोळा, मग गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. मातीचा थर कशाला, हा प्रश्न मला चाळीस वर्षं पडला नव्हता. आजी म्हणाल्या, "आग वर पळाय नको, खाली बसाय पायजे." पेटवायचं तेही वारा पडलेला असताना, आणि वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून. म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध मागे मागे सरकत यावं लागतं. घाईघाईत नुसता पाला पेटला तर राख होते, पण जमीन भाजत नाही. जमीन भाजणं हे खरं काम.

त्याने काय होतं? घाटमाथ्याजवळच्या पावसात तणाचं बी भातापेक्षा चपळ असतं. वरच्या थरातलं ते बी भाजल्यामुळे मरतं, किडीची अंडी मरतात. राखेतून पालाश आणि सिलिका मिळते. आणि माती भुसभुशीत होते. या शेवटच्या गोष्टीला आजी सगळ्यात जास्त महत्त्व देतात. महिनाभराने आवणीच्या वेळी रोप उपटायचं असतं, भर पावसात, कमरेत वाकून, हजारो वेळा. "भाजल्यालं रान रोप सोडतं. न भाजल्यालं धरून बसतं, मुळ्या तुटत्यात." मुळ्या तुटलेलं रोप खाचरात जाऊन आठ दिवस आजारी पडतं. या एका वाक्यात मातीची घडण, मुळं आणि बाईच्या कमरेचं दुखणं असं तिन्ही आलं.

हा वाद भाच्याने पहिल्यांदा काढलेला नाही. १८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलखातं आणि शेतकरी यांच्यात राबावरून चांगलीच जुंपली होती. खात्याचं म्हणणं, हे लोक झाडं ओरबाडून जाळतात. लोकांचं म्हणणं, टहाळ नाही तर भात नाही. शेवटी मुंबई सरकारला १८८५मध्ये जंगलांच्या तक्रारींसाठी कमिशन नेमावं लागलं. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान, त्यामुळे ते भांडण थेट इथलं नव्हे, पण राब तोच. पुढे १८८९मध्ये डॉ. व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडहून हिंदुस्थानची शेती कशी सुधारावी ते सांगायला आले. १८९३मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. त्यात राबाचाही विचार केलेला आहे. सुधारायला आलेला हा माणूस परत जाताना लिहून गेला की इथला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याइतकाच चांगला आहे आणि काही बाबतींत त्याच्यापेक्षा सरस आहे. त्याला कमी पडतात ती साधनं.

मग जवळपास शंभर वर्षांनी आपल्याकडे भाताची चारसूत्री पद्धत आली, डॉ. नारायण सावंतांची. कृषी खात्याने ती गावोगाव नेली. तिचं पहिलं सूत्र काय, तर भाताच्या तुसाची काळी राख रोपाच्या वाफ्यात मिसळा. तिच्यातल्या सिलिकाने रोप कणखर होतं, खोडकिडीला दाद देत नाही. मी आजींना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आमी काय येगळं करत व्हतो?"

इथे टाळी वाजवून थांबायचा मोह होतो. पण वेगळं होतंच. तूस घरच्या भाताचंच असतं, त्यासाठी ऐनाची फांदी तोडावी लागत नाही. दुसऱ्या सूत्रात गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतात, तो बांधावर वाढतो. राबात शेण जाळलं की त्यातला नत्र हवेत जातो, हे तर खरंच आहे. आणि दरवर्षी ओरबाडलेले ऐनाचे बोडके बुंधे मीही पाहिलेत. शिवाय ते भारे डोक्यावर कोण वाहतं? पुरुष नाही वाहत. तेव्हा राब जसाच्या तसा टिकवा असं मी मुळीच म्हणत नाही. वस्तीवरच्या दोन-तीन घरांनी तो सोडलाय, गादीवाफ्यावर तुसाची राख टाकून रोप करतात, आणि चांगलं करतात. आजींनी स्वतः अर्धा वाफा तसा करून पाहिला. अर्धाच. "आदी बगू," म्हणाल्या. पारंपरिक ज्ञान म्हणून आपण जे काही म्हणतो त्यात मला हे "आदी बगू" सगळ्यात मोलाचं वाटतं. परंपरा म्हटलं की आपल्याला डोळे मिटून चालवलेली रूढी वाटते. प्रत्यक्षात तिथे दरवर्षी कुणीतरी अर्धा वाफा वेगळा करून बघत असतं.

आता मुद्द्याचं, वरकस.

शहरात वाढलेल्या भावंडांसाठी सांगतो. आपल्याकडे जमीन दोन जातीची. खाली ओढ्याकाठी बांध घालून केलेली भातखाचरं, ती तरी. वर डोंगरउताराची हलकी, मुरमाड, ती वरकस. वरकसावर दरवर्षी पीक घेता येत नाही. उतारावरची झुडपं तोडून जाळायची, आणि पहिल्या वर्षी नाचणी. दुसऱ्या वर्षी वरई. तिसऱ्या वर्षी खुरासणी, म्हणजे कारळे. नाचणीला जोर लागतो म्हणून ती पहिली. वरई उरल्यासुरल्यावर भागवते. खुरासणी तर दमलेल्या जमिनीतही येते आणि वर तेल देते. (सप्टेंबर-ऑक्टोबरात ट्रेकर मंडळी ज्या पिवळ्या उतारांचे फोटो टाकतात त्यातले काही सोनकीचे असतात आणि काही कुणाच्या तरी वर्षभराच्या तेलाचे.) मग जमीन सोडून द्यायची. काही वर्षं तिच्याकडे बघायचंही नाही. गवत येतं, झुडपं येतात, पाला पडतो, गुरं चरतात. जमीन पुन्हा भरते. मग परत नाचणी.

या सोडून देण्याला म्हणतात पड.

आजींच्या घराची पाळी तीन उतारांवर फिरायची. एक आपला, एक त्यांच्या भावकीचा, एक पलीकडच्या पाटलांचा. प्रत्येकावर तीन वर्षं पीक, म्हणजे प्रत्येकाला सहा वर्षं विश्रांती. नऊ वर्षांचं चक्र. ते कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते आपल्या नगरपालिकेच्या पाण्याच्या वेळापत्रकापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. परत यायची वेळ झाली हे कसं कळायचं, विचारलं तर आजी म्हणाल्या, झुडूप कमरेला लागलं की.

सात-आठ वर्षांपूर्वी पाटलांचा उतार विकला गेला. तिथे आता तारेचं कुंपण आहे, आत एक स्लॅबचं घर, आणि वर्षातून चार वेळा लागणारे दिवे. तीनाचे दोन उतार राहिले. विश्रांती सहा वर्षांवरून तीनवर आली. यंदा आपल्या उताराची नाचणीची पाळी आहे, आणि झुडूप कमरेला नाही, गुडघ्याला लागतंय. आजी त्याबद्दल तक्रार करत नाहीत, मला फक्त नेऊन दाखवलं.

आता आपलाही विकला, तर एक उतार उरतो. एका उतारावर पाळी फिरत नाही. दरवर्षी नाचणी पेरली तर चौथ्या वर्षी दगड वर येतील. म्हणजे आपण आपली सहा एकर विकणार असं आपल्याला वाटतं, पण त्या सहा एकरांबरोबर शेजारच्या उताराची विश्रांतीही विकणार. तिची किंमत खरेदीखतात कुठल्या रकान्यात लिहायची?

आणि सातबारा काय म्हणतो? मी मुद्दाम काढून पाहिला. गेली तीन वर्षं पिकाच्या जागी काही नाही. पड. ठीक, ती खरोखर पड होती. पण त्याआधीच्या वर्षांतही, म्हणजे डोळ्यांदेखत नाचणी उभी होती, आपल्या घरी दोन पायल्या आल्या होत्या, आईने भाकरी करून फोटो ग्रुपवर टाकला होता, त्या वर्षीही कागदावर पडच. याला दुसरा कुणी जबाबदार नाही. २०२१पासून पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची असते, शेतात उभं राहून फोटो काढून. आपल्यापैकी एकही जण गेला नाही. मीही नाही.

त्याआधीचं कारण मात्र वेगळं, आणि ते जरा अडचणीचं आहे. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. आजोबांच्या पिढीने कुळकायद्याची धास्ती घेतली होती. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या तारखेला कसणारी कुळं कायद्याने मालक ठरायला लागली, आणि कुणाच्या कुणाच्या जमिनी गेल्या याच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकल्यात. (ज्यांना मिळाल्या त्यांच्या कथा आपल्या घरात कुणी सांगितल्या नाहीत, हेही खरं.) त्या भीतीने आपल्याकडे एक अलिखित नियम झाला, वरकस कुणालाही करायला द्या, पण कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ देऊ नका. पड लागू द्या. वडिलांनी तेच केलं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. माणुसकीला ते कधी कमी पडले नाहीत. आजींच्या मुलीच्या लग्नाला मांडव आपल्याकडून गेला होता. पण कागदावर त्या बाईने पस्तीस वर्षांत तिथे एक दाणासुद्धा पेरलेला नाही.

त्यामुळे आता विकताना सोपं पडतंय. कुणाला विचारायलाच नको. एजंट मला फोनवर म्हणाला, "साहेब, तुमची जागा एकदम क्लीन आहे. मोकळी पडूनच आहे." मीही हो म्हणालो.

मला वाटतं आदिवासींच्या शेतीचं ज्ञान "लोप पावतंय" असं जे आपण हळहळून म्हणतो ना, ते क्रियापदच चुकीचं आहे. आजी काही विसरलेल्या नाहीत. सत्तरीतही त्यांना सगळं येतं. त्यांना माहीत आहे ते वापरायला जागा उरत नाही, एवढंच झालंय. पाळी फिरवण्याचं ज्ञान पाळी फिरवायला उतार असेल तरच ज्ञान. नाहीतर ती नुसती आठवण.

आणि ही जागा काही आज फार्महाऊसवाल्यांनीच पहिल्यांदा खाल्लेली नाही. भोरला येळवंडीवर भाटघरचं धरण इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलं, मग त्याच्याच पायथ्याला १९२८मध्ये आणखी मोठं. नंतर पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. दोन लहान तालुक्यांत आणि त्यांच्या काठाकाठाने एवढी पाणी अडवलेली खोरी. प्रत्येक धरण खोऱ्याच्या तळाला बसलं, आणि तळाला असतात भातखाचरं. खाचरं बुडाली की माणसं वर सरकली, आणि ज्या वरकसावर नऊ वर्षांनी परत यायचं तिथे लवकर लवकर यावं लागलं. माधव गाडगीळांनी १९७९मध्येच पश्चिम घाटातल्या टेकड्या, धरणं आणि जंगलं यांच्यावर लेख लिहिला होता. धरणाने जमीन गेलेल्या माणसांना हाताशी असलेली झाडं कोळशाला विकण्यावाचून इलाज राहिला नाही, आणि धरणामुळे झालेल्या रस्त्याने तो कोळसा नेणंही सोपं झालं, असं त्यातलं निरीक्षण. मग उघडे डोंगर पाहून आपण म्हणालो, बघा, हे लोक डोंगर जाळतात.

भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं. पानशेत-वरसगावचं माझ्या नळाला येतं. हे लिहितानाही एक तांब्या पिऊन बसलोय.

बियाण्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल बोलायला माझं तोंड नाही. आजोबांच्या वेळी घरात हळवं भात वेगळं आणि गरवं वेगळं असायचं. वरच्या, लवकर पाणी सोडणाऱ्या खाचरात हळवं, खालच्या पाणथळीत गरवं, मधल्यात निमगरवं. कुठल्या तुकड्यात पाणी किती दिवस उभं राहतं हे ज्याला पाठ त्यालाच हे जमायचं. वासाचा आंबेमोहर थोडासा, सणासुदीला. मग इंद्रायणी आली. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७मध्ये काढलेलं वाण, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. उत्पन्न जास्त, वास बऱ्यापैकी, पुण्यात गिऱ्हाईक तयार. आम्ही सगळ्या खाचरांत तीच लावली, हळव्यात आणि गरव्यातही. आंबेमोहराचं राखून ठेवलेलं बी एका वर्षी मीच कोंबड्यांना घातलं. वय वर्षं तेवीस, नुकताच पदवीधर. कुणी अडवलं नाही, कारण घरात शिकलेला मीच होतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, त्याही महादेव कोळी समाजाच्याच, त्यांनी घरी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या. मनापासून. नंतर आठवलं, आपल्याकडे कोंबड्या होत्या.

बँका हव्यातच. जैवविविधता कायद्याखाली गावोगाव नोंदवह्या करायच्या असतात, त्याही हव्यात. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं, उत्तम झालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा तर नाचणीला केवढा मान! पुण्याच्या मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं, कुकीज, काय काय. एकादशीला आपण जी भगर खातो ती वरईच. पण नोंदवहीत नाचणीचं वाण लिहिता येतं, पड कशी लिहिणार? मानांकन पिकाला मिळतं. पीक नसलेल्या सहा वर्षांना कोण मानांकन देणार? आणि नेमकी तीच सहा वर्षं या शेतीचा कणा आहेत.

माझ्याविरुद्ध काय काय बोललं जाईल ते मला माहीत आहे. चुलतभाऊ म्हणेल, तू पुण्यात फ्लॅटमध्ये बसून दुसऱ्यांनी नाचणी पेरावी असं म्हणतोस. बरोबर आहे. नाचणी आणि वरई ही ज्यांना भात परवडत नव्हता त्यांची पोटं भरणारी धान्यं होती, त्यात रम्य काही नव्हतं. नाचणी वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, म्हणून दुष्काळाची ठेव. म्हणजे हे सगळं शहाणपण भुकेने शिकवलेलं. आजींची नात शिरवळला कंपनीत जाते आणि तिला राबाच्या धुरात उभं राहायची बिलकूल इच्छा नाही. तिने उभं राहावं असं म्हणायचा मला अधिकारही नाही. रानडुकरं तर विचारूच नका. पूर्वी सगळे उतार एकाच वेळी पेरलेले असायचे, रात्री प्रत्येक माळ्यावरून हाकारे चालायचे, डुकरांनाही वाटणी होऊन जायची. आता एकट्या उतारावर सगळी तुटून पडतात. खालचे कातकरी आधी राखणीला यायचे, आता ते वीटभट्टीवर जातात.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. नातीने शेती सोडली तर ते तिचं ठरवणं आहे. आपण उतार विकला तर आजींच्या घरात कुणी काय ठरवायचं ते आपण ठरवलं. या दोन्हींचा परिणाम लांबून सारखाच दिसेल, पण ते सारखं नाही.

पुतण्याच्या शिक्षणाला पैसे लागतायत, हे मी विसरलेलो नाही. धाकट्याचं म्हणणं आहे की गावात कुणी राहत नाही तर जमीन ठेवून करायचं काय. नाशिकच्या आत्याला तिचा हिस्सा हवाय आणि तो तिला आजवर कुणी नीट दिलेला नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की खालचा रस्त्याकडेचा तुकडा विका, जिथे कुणाची पाळी नाही. त्याला भावही जास्त येईल. आत्याचा हिस्सा आधी त्यातून द्या. वरचं वरकस राहू द्या. आणि आजींच्या घराशी रीतसर लिहून करार करा, किती वर्षांचा ते वकिलाला विचारून ठरवू. कुळकायद्याची भीती वाटत असेल तर तीही वकिलापुढेच काढू. यंदा पेरलं की ऑगस्टमध्ये मी स्वतः जाऊन शेतात उभा राहून पीकपाहणी करीन. नाचणी असं लिहीन. माझ्या हिश्श्याचे पैसे कमी आले तर चालतील, हे मी लिहून देतो.

नाही पटलं तर निदान एक करा. सही करायच्या आधी सगळ्यांनी एकदा वर चला आणि आजींना तोंडावर सांगा. मी त्या रविवारी गेलो होतो ते खरं तर त्यासाठीच. भाचा राबाशेजारी बसून आजींना प्रश्नांवर प्रश्न विचारत होता, धूर डोळ्यांत जातोय म्हणून दोघंही डोळे पुसत होते, आणि माझं तोंड काही उघडलं नाही. निघताना आजींनीच विचारलं, "दादा, औंदा वरचं रान तोडू ना? मिरगाच्या आदी जाळाय लागंल."

मी म्हटलं, सांगतो.

मृग सात-आठ जूनला लागतो. तोडलेलं झुडूप वाळायला पंधरा-वीस दिवस लागतात. नाचणीचं बी त्यांनी राखेत घोळून मडक्यात भरून ठेवलंय, मला दाखवलं. रविवारी रात्री नऊला सगळे फोनवर या.